चार एकरांचा पहिला धडा

इतिहासाच्या तासाला आम्ही दरवर्षी नववीच्या मुलांना एक गृहपाठ देतो. दिवाळीच्या सुटीत घरी गेल्यावर आपल्या कुटुंबाच्या जमिनीचा एखादा कागद पाहावा, त्यावर लिहिलेले वहीत उतरवावे आणि सुटी संपल्यावर वर्गात वाचून दाखवावे, एवढाच तो गृहपाठ. कोणी सातबारा उतरवून आणतो, कोणी आठ-अ. पुष्कळ मुले मात्र कोरी वही घेऊन परततात, कारण घरात जमिनीचा कागदच नसतो. आम्ही त्या कोऱ्या पानावरही 'गृहपाठ पूर्ण' अशी खूण करतो. कोरे पान हाही इतिहासाचा पुरावाच आहे.

एका वर्षी एका मुलाने प्लास्टिकच्या पिशवीत जपलेल्या तीन-चार पिवळ्या पावत्या आणल्या. आजोबांनी गायरानात पेरणी केली म्हणून महसूल खात्याने केलेल्या दंडाच्या त्या पावत्या होत्या. वर्गात सर्वांसमक्ष त्याने विचारले, "सर, आमच्या आजोबांना दंड झाला होता. मग ते चोर होते का?"

त्या दिवशी तासिकेची वेळ संपली, पण उत्तर पुरे झाले नाही. शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने ते उत्तर येथे मांडत आहोत. ज्यांच्या घरात प्रथमच चार एकर जमीन आली आहे किंवा येऊ घातली आहे, अशा आमच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हा पाठ आहे. त्याचा अर्धा भाग इतिहासाचा आहे आणि अर्धा शेतीचा; परंतु दोहोंमध्ये बांध घालता येत नाही.

कोऱ्या पानाचा इतिहास

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९५० साली हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला आणि कसणाऱ्या कुळांना संरक्षण मिळाले. पण आपले बहुसंख्य पूर्वज कूळही नव्हते. ते सालगडी होते, रोजंदार होते, गावकीची कामे करणारे होते. कुळाचे नाव निदान कागदावर येत असे; सालगड्याचे नाव मालकाच्या बाकीच्या वहीत तेवढे असे. जमीनसुधारणेचा कायदा आला तेव्हा तो ज्यांच्यापर्यंत पोहोचला, त्यांच्या पंक्तीत आपण नव्हतोच.

जमिनीची ही भूक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार आधी ओळखली होती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती पद्धत नष्ट करण्यासाठी विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. त्याच वर्षी ३० डिसेंबरला ते आपल्या जिल्ह्यात, कन्नड तालुक्यातील मक्रणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांनी भरविलेल्या परिषदेला आले. मराठवाड्यातील आपल्या चळवळीच्या मुळाशी ती परिषद आहे.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी जमिनीचा प्रश्न हाती घेतला. १९५९ साली भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह झाला. त्यानंतर ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने तो देशभर नेला. पडीक जमिनी भूमिहीनांना कसायला द्या, ही त्यातील प्रमुख मागणी होती. लाखो स्त्री-पुरुषांनी तुरुंगवास पत्करला. त्यांत अशी माणसे होती, ज्यांनी आयुष्यभर नांगर धरला होता आणि ज्यांच्या नावे एक गुंठाही नव्हता.

सत्याग्रह संपले तरी गावोगावी माणसे गायरानात पेरत राहिली. त्यांना दंड झाले, पिके मोडली गेली, पण पुढच्या मृगात ती पुन्हा पेरत राहिली. अखेर २८ नोव्हेंबर १९९१ रोजी महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात भूमिहीन मागासवर्गीयांनी शेतीसाठी केलेली गायरानावरील अतिक्रमणे नियमित करावीत, असे त्यात ठरले. या कालखंडाच्या शेवटची तारीख ही बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या प्रारंभाची आहे.

आता नियमित करायचे, तर त्या काळात ही जमीन आपणच कसत होतो हे सिद्ध करावे लागते. ते कशावरून करायचे? अतिक्रमणांची नोंद ठेवणारा गाव नमुना एक-ई, पीकपेऱ्याची नोंद, आणि दंडाच्या पावत्या! शिक्षा म्हणून दिलेला कागद हक्काचा पुरावा झाला. म्हणूनच आम्ही त्या मुलाला सांगितले, "बाळ, या पावत्या लोखंडी पेटीत ठेव. तुझे आजोबा चोर नव्हते. ते पेरत होते, आणि पेरल्याची पावती सरकारकडून घेत होते."

दुसरा मार्ग २००४ सालच्या कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेचा. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला शासन जमीन विकत घेऊन देते : ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत. आरंभी निम्मी रक्कम अनुदान आणि निम्मी बिनव्याजी कर्ज अशी तिची रचना होती. २०१८ पासून पूर्ण रक्कम अनुदान झाली. जमीन पती-पत्नी दोघांच्या नावे होते. विधवा व परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य आहे. ही जमीन विकता येत नाही, ती स्वतःच कसावी लागते. ज्याने भूमिहीनांसाठी तुरुंग भरले, त्याच्या नावाने भूमिहीनाच्या घरी सातबारा यावा, हे योग्यच झाले.

बाबासाहेबांचा अवघड प्रश्न

जमीन मिळाली म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांनी बाबासाहेबांचा १९१८ सालचा निबंध अवश्य अभ्यासावा. भारतातील लहान शेतजमिनी व त्यावरील उपाय हा त्याचा विषय. तो 'जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. त्या काळातील अभ्यासक म्हणत होते की, ज्या जमिनीवर एक कुटुंब समाधानाने पोट भरू शकते, ती किफायतशीर जमीन. बाबासाहेबांनी हा निकषच चुकीचा ठरविला. जमीन किफायतशीर आहे की नाही हे घरात किती तोंडे आहेत यावरून ठरत नाही. जमीन, भांडवल आणि श्रम यांचे परस्परांशी प्रमाण काय आहे, यावरून ठरते. औजारे, बैल व पैसा पुरेसा नसेल तर मोठी जमीनही तोट्याची ठरेल. ही साधने योग्य प्रमाणात असतील तर लहान जमीनही पिकेल.

या निबंधातील दुसरा मुद्दा आणखी अवघड आहे. शेतीवर गरजेपेक्षा अधिक माणसे अवलंबून आहेत आणि त्यांचे श्रम वाया जातात. त्यांना उद्योगांत काम मिळाले पाहिजे, म्हणजे शेतीवरचा भार हलका होईल, असे बाबासाहेबांचे प्रतिपादन होते. पुढे १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी शेती हा शासनाचा उद्योग व्हावा आणि जातिभेद न मानता गावकऱ्यांनी ती सामुदायिक रीतीने करावी, अशी योजना मांडली. छोट्या तुकड्याच्या प्रेमात ते कधीच पडले नाहीत.

१९१८ चा तो इशारा आज अधिकच खरा झाला आहे. महाराष्ट्रातील सरासरी वहितीक्षेत्र १९७०-७१ च्या कृषिगणनेत ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टरवर आले. म्हणजे सव्वातीन एकर. ज्या वेळी जमीन आपल्याकडे येत आहे, त्या वेळी इतरांचेही तुकडे झाले आहेत. मग चार एकर घ्यायचे की नाही?

आमचे उत्तर असे आहे : घ्यायचे, परंतु बाबासाहेबांचा निकष हाती धरून घ्यायचे. जमीन ही प्रतिष्ठा आहे. दुष्काळात उभे राहायला जागा आहे. मालकाच्या बांधावर ज्याला हक्काने बसता येत नव्हते, त्याच्यासाठी स्वतःचा बांध ही क्रांतीच आहे. पण चार एकरांवर सारे कुटुंब आणि सारी मुले टाकायची नाहीत.

आपण नवखे कशात आहोत?

कोणी म्हणेल, आपल्या लोकांना शेती शिकवायची गरज काय? तिफण धरणारे, वखर हाकणारे, खुरपणी करणारे हात आपलेच होते. हे खरे आहे. आपल्या आयाबहिणींइतके चांगले खुरपे कोणाला चालविता येते? आपले नवखेपण हाताचे नाही, निर्णयाचे आहे. काय पेरायचे, केव्हा पेरायचे, बी कोठून आणायचे, माल केव्हा विकायचा, उधारी किती करायची, हे सालगड्याला कोणी विचारलेच नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या त्याने दुसऱ्याच्या निर्णयावर आपले हात चालविले. म्हणून नवीन शेतकऱ्याचे शिक्षण निर्णयापासून सुरू झाले पाहिजे. त्याचे टप्पे आम्ही पुढीलप्रमाणे मांडतो.

पहिला टप्पा : कागद

पहिले औत म्हणजे कागद. सातबाऱ्यावरील क्षेत्र हेक्टर व आर यांत असते. १ हेक्टर म्हणजे १०० आर, म्हणजे सुमारे अडीच एकर. १ एकर म्हणजे ४० गुंठे. ४ एकर असतील तर सातबाऱ्यावर १ हेक्टर ६२ आरच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. नववीच्या मुलाला हे गणित येते. ते त्याने आईवडिलांना करून दाखवावे.

शासनाने दिलेली जमीन बहुधा 'भोगवटादार वर्ग-२' असते, म्हणजे सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तिचे हस्तांतर करता येत नाही. काहींना हे बंधन वाटते. आम्हांला ते कुंपण वाटते; अडचणीत सापडलेल्या माणसाची जमीन एका सहीवर जाऊ नये, म्हणून घातलेले.

सातबाऱ्यावर स्त्रीचे नाव आहे की नाही, ते पाहावे. फेरफाराची नोंद झाली का, ते विचारावे. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून चतुःसीमा कायम करून घ्याव्यात आणि खुणांचे दगड कुटुंबातील सर्वांनी, मुलांनीसुद्धा, पाहून ठेवावेत. दरवर्षी ई-पीक पाहणी करावी. पेरलेले पीक कागदावर चढले नाही, तर नुकसानभरपाईच्या वेळी ते शेतात नव्हतेच असे ठरते. ज्यांचे आजोबा पावत्यांवर लढले, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

दुसरा टप्पा : माती आणि पाणी

आपल्या जिल्ह्याची माती एकसारखी नाही. पैठण, गंगापूर, वैजापूरच्या गोदाकाठी भारी काळी जमीन आहे, तर उत्तरेकडे अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या कुशीत हलकी, मुरमाड. भूमिहीनाच्या वाट्याला बहुधा उताराची व पातळ मातीची जमीन येते. तिची कीव करण्यापेक्षा तिची ओळख करून घ्यावी. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी 'व्ही' आकाराचे खड्डे घ्यावेत. खड्ड्यांच्या कडेची माती एकत्र करावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत आणि असे करत शेवटी अर्धा किलो माती ठेवावी. हा नमुना मृदा परीक्षण प्रयोगशाळेत द्यावा. खत किती द्यायचे हे दुकानदाराने नव्हे, त्या अहवालाने ठरवावे.

पाण्याचेही गणित आहे. १ एकर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ४,००० लिटर पाणी पडते. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस झाला तर एका एकरावर २४ लाख लिटर आणि चार एकरांवर जवळजवळ ९७ लाख लिटर. दुष्काळी म्हणविणाऱ्या शेतावर एवढे पाणी पडते आणि त्यातील बरेच माती घेऊन नाल्याला जाते. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये डोंगरउतारावर ताली व बंधारे घालावेत, म्हणजे पाणी व कस शेतातच राहील, असे सांगितले होते. पैशाच्या आधी जे घामाने करता येते, ते हेच काम. बांध दुरुस्त करावा, उताराला आडवी नांगरट व आडवी पेरणी करावी, आणि बांधाच्या वरच्या बाजूला पाणी थबकेल अशी सरी काढावी.

विहिरीची घाई पहिल्याच वर्षी करू नये. कर्ज काढून एकामागून एक बोअर घेणे हा मराठवाड्यातील जुगार झाला आहे. त्यात पाणी हरते आणि माणूसही. अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी २०१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आहे. तिच्यातून नवीन विहीर, जुन्या विहिरीची दुरुस्ती, पंप, वीजजोडणी, ठिबक व तुषार संच यांना अनुदान मिळते. पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी करावी, आणि एक-दोन पावसाळे शेजारच्या विहिरींची पातळी पाहूनच जागा ठरवावी.

तिसरा टप्पा : पहिल्या वर्षाची पेरणी

शेजारी मृगाचे नक्षत्र पाहून तिफण काढतात. नक्षत्राचे नाव घ्यायला हरकत नाही, पण आपला निकष मोजमापाचा असावा. सरळ उभ्या बाजूंचा एक डबा उघड्या जागी ठेवा आणि पाऊस पडल्यावर त्यातील पाणी पट्टीने मोजा. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. मोजून झाल्यावर डबा रिकामा करा आणि आकडा लिहून ठेवा. बेरीज ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नये. दुबार पेरणीचा भुर्दंड नवख्या शेतकऱ्याला पहिल्याच वर्षी आडवा करतो. बी घरचे असो की दुकानाचे, ते तपासूनच पेरावे. सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावेत व गोणपाट ओलसर राखावे. आठवड्याच्या आत ७० किंवा अधिक दाण्यांना चांगले मोड आले तर बी पेरणीयोग्य.

चारही एकरांत एकच पीक लावण्याचा मोह होतो. आपल्या भागात तो मोह कापसाचा असतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला, तेव्हा ज्यांच्याकडे कापसाशिवाय काहीच नव्हते त्यांचे हाल झाले. म्हणून पहिल्या वर्षासाठी आम्ही असा आराखडा सुचवितो. दीड एकर कापूस. दीड एकर सोयाबीन व तूर, सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन. अर्धा एकर मूग आणि मूग निघाल्यावर, ओल धरणारी जमीन असेल तर, त्याच जागी रब्बी ज्वारी. उरलेल्या अर्ध्या एकरात बाजरी, थोडा चारा आणि घरापुरता भाजीपाला. मूग ऑगस्टअखेरीस हाती येतो, सोयाबीन ऑक्टोबरात, कापूस त्यापुढे आणि तूर जानेवारीच्या सुमारास. घरात पैसा एकदम येत नाही, पण एकदम बंदही होत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी आणि तुरीचे वरण विकत आणावे लागत नाही. कापसाची फरदड न घेता डिसेंबरअखेर शेत मोकळे करावे, म्हणजे बोंडअळीला पुढच्या हंगामाचा आसरा मिळत नाही.

आराखडा म्हणजे काही शास्त्रवचन नव्हे. जमीन हलकी असेल तर कापूस आणखी कमी करावा. पैठण रस्त्यावरील कृषी विज्ञान केंद्र आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ यांच्या शिफारशी पडताळून पाहाव्यात. तथागतांनी कालामांना सांगितले होते की, परंपरेने आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका. अनुभवाने हितकर ठरले तर स्वीकारा. आमच्या आराखड्यालाही तोच नियम लावावा.

चौथा टप्पा : औत कोणाचे?

जमीन मिळताच अनेकांना बैलजोडी घ्यावीशी वाटते, काहींना ट्रॅक्टर. येथे बाबासाहेबांचा प्रमाणाचा सिद्धान्त आठवावा. एक बैलजोडी चार एकरांहून कितीतरी अधिक जमीन वाहू शकते. चार एकरांसाठी ती बाळगली तर ती वर्षाचे बहुतेक दिवस दावणीला उभी राहून खाते. आपल्या ग्रामजीवनात यावर उत्तर आहे : सावड आणि इर्जिक. तीन-चार नवीन शेतकऱ्यांनी मिळून एक जोडी ठेवावी, पाळी ठरवून घ्यावी आणि श्रमाची फेड श्रमाने करावी. बाबासाहेबांच्या सामुदायिक शेतीचे स्वप्न फार मोठे होते. पण त्याचा आरंभ चार घरांच्या एका तिफणीने होऊ शकतो. पूर्वी इर्जिकेत आपले लोक फक्त राबायला असत. आता ते बरोबरीने उभे राहतील.

उरलेल्या दिवसांचे काय? जिरायत चार एकरांत दोन माणसांना वर्षभर काम नसते. ते रिकामे श्रम बाबासाहेबांनी दाखविलेले खरे दुखणे आहे. दोन उस्मानाबादी शेळ्या बांधाचा पाला खाऊन पाच महिन्यांत वितात आणि बहुधा जुळी करडे देतात. लेंडीखत शेताला जाते, आणि अडीअडचणीला एक बोकड विकता येतो. चार गावरान कोंबड्या, बांधावर शेवगा आणि सीताफळ. यांतले काहीच मोठे नाही, पण सावकाराच्या दारात जाण्याच्या फेऱ्या यानेच कमी होतात.

पाचवा टप्पा : हिशेबाची वही

सालगड्याचा हिशेब मालक ठेवत असे आणि वर्षअखेरीस गड्याच्याच अंगावर बाकी निघत असे. त्यामुळे आपला हिशेब आपण ठेवणे ही आमच्या मते साधी व्यवहाराची गोष्ट नाही. तो मुक्तीचा एक विधी आहे. डाव्या पानावर खर्च, उजव्या पानावर उत्पन्न. घरच्या माणसांची मजुरीही खर्चात धरावी; नाहीतर आईचे श्रम फुकटचे ठरतात आणि तोट्याचे पीक नफ्याचे भासते. ही वही घरातल्या शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने लिहावी.

उत्पन्न कसे वाटावे, याविषयी दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांचा गृहस्थांना उपदेश आहे. मिळकतीचे चार भाग करावेत : एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायात, चौथा भाग आपत्कालासाठी राखून. ४०,००० रुपये हाती आले तर १०,००० घरखर्च, २०,००० पुढच्या पेरणीला व औजारांना, १०,००० संकटासाठी. चार एकरांच्या कुटुंबाला हे प्रमाण जसेच्या तसे पाळता येणार नाही, हे आम्ही जाणतो. घरखर्चच बहुतेक मिळकत खातो. पण चौथा भाग नाही जमला तर दहावा राखावा. बियाण्याचा पैसा बाजूला काढल्यावाचून लग्नकार्याला हात घालू नये. बौद्ध पद्धतीचा विवाह साधा असतो तो केवळ तत्त्वासाठी नव्हे. त्यात पुढच्या वर्षीचे बियाणे वाचते.

कर्ज लागलेच तर पीककर्ज बँकेतून किंवा सहकारी सोसायटीतून घ्यावे. ते वेळेत फेडल्यास व्याजाची सवलत मिळते. सावकाराकडे तारण म्हणून जमिनीचे खरेदीखत कधीही करून देऊ नये. 'पैसे फेडले की परत नावावर करू' हे वाक्य मराठवाड्यात असंख्य कुटुंबांनी ऐकले आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानुसार अवैध सावकाराने बळकावलेल्या जमिनीबाबत जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते. पण दाद मागण्यापेक्षा सही न करणे सोपे.

रोहिणीचे पाणी

शेतीतील अखेरचा धडा शेजाऱ्याचा आहे. नवीन शेतकरी शेतात उभा राहिला की काहींच्या डोळ्यांत खुपतो. रस्ता अडविला जातो, जनावरे पिकात सोडली जातात, पाटाचे पाणी रात्री वळते. अशा वेळी काय करावे?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला आहे. शाक्य आणि कोलिय दोघेही त्याच पाण्यावर शेती करीत. मारामाऱ्या झाल्या, शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने त्याला विरोध केला आणि दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून चौकशी करून वाद मिटवावा, अशी सूचना केली. ती फेटाळली गेली. विरोध चालू ठेवल्यास कुटुंबाची शेते जप्त होतील, असा धाक त्याला घातला गेला. म्हणजे या कथेच्या केंद्रस्थानी पाणी आहे, शेत आहे आणि जप्तीची भीती आहे. आमच्या विद्यार्थ्यांच्या घरातल्या गोष्टीच आहेत या!

तेव्हा वादाचे पहिले पाऊल चौकशीचे व लेखी असावे. तहसीलदाराकडे रस्त्यासाठी अर्ज, मोजणीची प्रत, ग्रामसभेत मांडलेला विषय. अत्याचार झाला तर कायदा आहे आणि तो निर्भयपणे वापरावा. मात्र एकट्याने नव्हे, संघटित राहून. वैराने वैर शमत नाही हे खरेच, पण मौनानेही अन्याय शमत नाही. हातात कोयता नको आणि मान खाली नको. कागद घेऊन ताठ उभे राहायचे.

मुलांनी शेती करावी काय?

हा प्रश्न पालक आम्हांला विचारतात. काही म्हणतात, "सर, आता जमीन झाली, पोरगं घरी आणतो, हाताखाली येईल." आम्ही दरवेळी नम्रपणे नाही म्हणतो. १९५० साली बाबासाहेबांनी याच शहरात मिलिंद महाविद्यालय उभे केले, ते मराठवाड्यातील भूमिहीनांच्या मुलांनी शिकावे म्हणून. चार एकरांचे दोन मुलांत दोन-दोन होतील, नातवंडांत एक-एक. जमिनीचे तुकडे होतात. विद्येचे वाटप करूनही ती तेवढीच राहते. ज्या घरात चार एकर आहेत, त्या घरातून एक कृषी पदवीधर, एक परिचारिका, एक तलाठी निघावा. जमीन कुटुंबाला उभे करील आणि शिक्षण जमिनीला तुकडे होण्यापासून वाचवील.

पावत्या आणणारा तो विद्यार्थी शाळा सोडून गेला, त्याला आता काही वर्षे झाली. मध्यंतरी तो भेटायला आला होता. आजोबांची जमीन अजून नावावर झालेली नाही. प्रकरण चालू आहे. पण वडील ती कसतात, तो स्वतः भूमापनाचा अभ्यासक्रम करतो आहे, आणि पिशवीतल्या पावत्यांच्या छायाप्रती त्याने तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. जाताना तो म्हणाला, "सर, मोजणी शिकतोय. पहिली मोजणी आमच्याच शेताची करणार."

आम्ही त्याच्या जुन्या गृहपाठाला खूण केली होतीच. आता फक्त शेरा लिहायचा राहिला आहे. तो सातबारा आल्यावर लिहू.

स्वाध्याय

१. आपल्या घरच्या सातबाऱ्यावरील क्षेत्राचे एकर व गुंठ्यांत रूपांतर करा. सातबारा नसेल तर घरातील वडीलधाऱ्यांनी कोणाकोणाच्या शेतात काम केले, ते त्यांना विचारून लिहून काढा.

२. सातबाऱ्यावर आईचे नाव आहे का? नसेल तर घरी चर्चा करा.

३. सरळ बाजूंचा डबा ठेवून एका पावसाळ्याची नोंद ठेवा व आपल्या शेतावर किती लिटर पाणी पडले ते काढा.

४. जमीन किफायतशीर आहे हे ठरविण्याचा बाबासाहेबांचा निकष आपल्या शब्दांत सांगा आणि तो आपल्या गावातील एका शेताला लावून पाहा.

जय भीम. भवतु सब्ब मंगलम्‌.